साखरेकाकांची टाळी

साखरेकाकांची आणि माझी ओळख एका टाळीनं झाली. अमेरिकेत, ॲन आर्बरला शिकायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. ज्यांच्याकडे उतरले होते त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाठमोरी उभी राहून पातेल्यात पाणी घेत होते, आणि कानापाशी फटाका फुटावा तशी टाळी वाजली. पातेलं सिंकमध्ये आपटलं, निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं. वळून बघते तर एक उंच, सडसडीत, चाळिशीचा गृहस्थ हात मागे बांधून उभा. चेहऱ्यावर हसू नाही, दिलगिरी तर नाहीच. "ससा," तो म्हणाला. मग माझं गाव विचारलं आणि स्वतःची दुरुस्ती केली. "नागपूरचा ससा. पुसून घे ते. इथं कामवाली बाई येत नाही."

आडनाव साखरे. जिभेवर साखरेचा कण नाही. युनिव्हर्सिटीच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत ते इंजिनिअर होते, आणि आम्ही मराठी विद्यार्थी ज्या अपार्टमेंटांमध्ये राहायचो तिथंच पलीकडच्या इमारतीत राहायचे. नवीन आलेल्या प्रत्येकाची त्यांच्याकडून ही परीक्षा व्हायची. मागून यायचं, कानाशी टाळी वाजवायची आणि माणूस किती उडतो ते बघायचं. "दचकला तो संपला," हे त्यांचं आवडतं वाक्य. जगात त्यांच्या मते दोनच जाती होत्या, ससे आणि वाघ. आम्ही सगळे ससे. एकदा कोल्हापूरचा एक मुलगा टाळीला जागचा हलला नाही. काका इतके खूश झाले की त्याला घरी नेऊन मटण खाऊ घातलं आणि महिनाभर 'आमचा वाघ' म्हणून मिरवलं. पुढे कळलं की त्याच्या माकडटोपीखाली वॉकमन चालू होता. त्या पोराशी काका नंतर कधी बोलले नाहीत.

अशा माणसाला आम्ही सहन का करायचो, असं कुणीही विचारील. कारण साधं होतं. डेट्रॉईटच्या विमानतळावरून आणायला येणारे तेच होते. गाद्या, टेबलं, हिवाळ्याचे बूट कुठं मिळतात ते त्यांनाच ठाऊक. बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. मलाही शिकवलं. एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, खाली काचेसारखा बर्फ, मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसलेले, आणि शेजारी बसून हा माणूस मध्येच माझ्या कानाशी टाळी वाजवायचा. मी रडकुंडीला आले की म्हणायचा, "रड. पण ब्रेकवरचा पाय नीट ठेवून रड." त्याच हिवाळ्यात एकदा हरीण गाडीपुढे आलं आणि मी न गडबडता हळूहळू गाडी थांबवली, हेही सांगायला हवं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. तेवढा आनंद मला त्यांना द्यायचा नव्हता.

सुधीर म्हणून एक मुलगा होता, पुण्याचा. त्याचे वडील गेल्याचा फोन आला. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार होतं, म्हणून तो गेला नाही. आमच्याकडे टेबलाशी बसला होता, सकाळपासून एक शब्द नाही, पाण्याचा घोट नाही. आम्ही सगळे कुजबुजत भोवती. काका आले, बूट काढले, सरळ त्याच्या मागे गेले आणि टाळी वाजवली. सुधीर खुर्चीतून उडाला. "म्हणजे जिवंत आहेस," काका म्हणाले. "मग जेवून घे." आणि तो जेवला. आमच्यातले निम्मे लोक अजूनही ही गोष्ट काकांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. मी त्यांच्यात नाही. त्या पोराचा चेहरा मी समोरून बघितला होता.

आम्हाला निदान घरी जाऊन दार लावता यायचं. मंगलकाकूंना ती सोय नव्हती. मंगलकाकू म्हणजे त्यांची बायको. बारीक चणीच्या, साताऱ्याकडच्या, फोन वाजला तरी छातीवर हात ठेवणाऱ्या. काका त्यांच्या मागे टाळी वाजवायचे ती पाहुण्यांसमोर, हातात तापलेलं तेल असताना, फोडणीच्या मध्ये. त्या उडायच्या, आम्ही कसनुसे हसायचो. "हिला बघायला गेलो तेव्हा कुणाच्या तरी हातून पेला पडला, तर ही पोह्यांसकट उडाली," काका सांगायचे. "म्हटलं, करून टाकू. घरात करमणूक राहील." काकूंनी एकदा गाडी शिकायचं नाव काढलं, तर म्हणाले, "सशानं गाडीखाली यायचं असतं. गाडीत बसून काय करणार?" काकू यावर हसायच्या. ते हसू मला आवडायचं नाही, पण तेव्हा मला वाटायचं की त्यांच्याजवळ दुसरं काही नाही.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांना मुलगा झाला. काकांनी नाव ठरवलं, निनाद. बारशाला सख्खी आत्या भारतातून कुठून येणार? म्हणून आत्याचा मान मला मिळाला. पाळणा नव्हता, बेबी सीटला झेंडूच्या कागदी माळा लावल्या होत्या. मी वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, घसा फाडून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत दणादण धपाटे घातले. बाळ माझ्या कानातल्या डुलाकडे बघत होतं. बायका म्हणाल्या, किती शांत आहे. काका पुढे झाले, बेबी सीटच्या मागे गेले आणि सणसणीत टाळी वाजवली. आम्ही सगळ्या दचकलो. बाळानं पापणीही हलवली नाही. काकांचा चेहरा असा उजळला की मी तो तसा आधी कधी पाहिला नव्हता. "वाघ," ते म्हणाले. "माझा आहे."

मग आमच्या वाट्याच्या टाळ्या संपल्या आणि सगळ्या त्या बाळाकडे गेल्या. कुणी आलं की प्रयोग. बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच. काका बेबी सीटच्या मागून टाळी वाजवायचे, डबा आपटायचे, एकदा तर फुगा फोडला. पाहुणे दचकायचे, बाळ ढिम्म. "याला म्हणतात रक्त," काका म्हणायचे. काकू कोपऱ्यात उभ्या राहून बघायच्या. हसायच्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये एकदा इमारतीच्या तळघरात मी कपडे धुवायला गेले होते. काकू आधीच तिथं होत्या, बाळ टोपलीत झोपलेलं. मशीनचा धडधडाट चालला होता. त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "नंदा, याला ऐकू येत नाही." सांगण्यात रडणं नव्हतं. कुकरची शिट्टी होते, मी उडते, हा झोपलेला असतो, त्या म्हणाल्या. पाठमोरी उभी राहून हाका मारते, मान वळत नाही. समोर आले की हसतो. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का? तर डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी विचारलं होतं, मूल आवाजाला दाद देतं का? इंग्रजी बोलणारे काका. त्यांनी छाती काढून सांगितलं होतं की याला जगात कशाचीच भीती वाटत नाही. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

मी लगेच म्हटलं की उद्या मी नेते तुम्हाला, माझ्या गाडीतून. काकूंनी मान हलवली. "नेशील. ते तपासतील, सांगतीलही. मग घरी आले की हे म्हणतील, डॉक्टर मूर्ख आणि तू ससा. आणि पुढची दहा वर्षं याच्या कानाशी टाळ्या वाजवत राहतील. मला त्यांना स्वतःला दिसायला हवंय. इतकं मोठं दिसायला हवंय की डोळे मिटता येणार नाहीत." मग त्यांनी टोपली उचलली आणि जाताना विचारलं, "ती फुटबॉलची मॅच असते ना तुमच्याकडे, तिथं म्हणे लाख माणूस ओरडतं?"

दर वर्षी नोव्हेंबरात काका आम्हा सगळ्यांना एका मॅचला न्यायचे. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर पडायचं, असा तो खेळ आहे. काकांना तो अतोनात आवडायचा. त्या वर्षी काकूंनी आपण होऊन सांगितलं की बाळालाही नेऊ. कुणी म्हणालं, एवढ्या थंडीत, एवढ्या गोंगाटात? काकू म्हणाल्या, "वाघच आहे ना तो?" काकांनी बायकोकडे कौतुकानं बघितलं. बिचारा स्वतःच्या पायांनी सापळ्यात चालला होता, आणि मला ठाऊक होतं.

आम्ही सात-आठ जण होतो. बाकांची एक लांब रांग, पायाशी थर्मास, अंगावर पांघरुणं. बाळ काकांच्या मांडीवर, तीन स्वेटरांत गुंडाळलेलं, गालावर काजळाची तीट. मागच्या रांगेतल्या एका अमेरिकन बाईला ती तीट इतकी आवडली की विचारता सोय नाही. खेळाडू डोळ्यांखाली काळं फासतात ना, तसं आपल्या टीमसाठी केलंय असं तिला वाटलं. तिनं पर्समधून कापूस काढून दिला, बाळाच्या कानांत घालायला. काकांनी हात जोडून नको म्हटलं आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "कापूस सशाला." मी काकूंकडे बघितलं. त्या मैदानाकडे बघत होत्या.

पहिला मोठा आवाज झाला तेव्हा माझ्या दातांपर्यंत थरथर पोचली. पुढच्या रांगेत आणखी एक तान्हं होतं, कानांवर मऊ पट्टे लावलेलं. ते किंचाळून काळंनिळं झालं आणि आई त्याला घेऊन धावत निघून गेली. काका खदखदून हसले. "बघा, अमेरिकन ससा." निनाद त्यांच्या मांडीवर झोपी गेला होता. प्रत्येक आरोळीला काका बाळाला थोडं उंच धरायचे आणि आजूबाजूच्यांना दाखवायचे. लोक अंगठे वर करायचे. कुणी फोटो काढला. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा तास असणार. तो चालू असताना मला तो संपायला हवा होता आणि संपू नये असंही वाटत होतं.

शेवटाकडे आमच्या बाजूच्या एकानं चेंडू लांब फेकला आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. काय तो आवाज. आमच्या बाकाच्या फळ्या हलत होत्या. बाळ जागं झालं होतं आणि वर, आभाळातल्या एका छोट्या विमानाकडे बघत होतं. काका ओरडत होते, "बघ, बघ, हूं की चूं नाही. वाघ आहे, वाघ." काकू उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा, सगळा जोर लावून, नवऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्या ओरडल्या. आणि नेमका त्याच क्षणी चेंडू समोरच्या टीमच्या माणसानं पकडला. लाख माणसं एका श्वासात गप्प झाली. त्या शांततेत काकूंचा आवाज उरला.

"तो वाघ नाही. तो बहिरा आहे."

समजणारे आम्ही सात-आठच होतो. बाकीच्यांना वाटलं असेल की कुणी बाई पंचांना शिव्या देतेय. काकांनी काकूंकडे बघितलं, मग आमच्याकडे, एकेकाकडे. आम्ही खाली बघितलं. मग त्यांनी बाळाला सुधीरच्या हातात दिलं, स्वतः बाळाच्या मागे गेले आणि टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. उजव्या कानाशी, डाव्या कानाशी, परत उजव्या. हातमोजे काढून फेकले आणि उघड्या हातांनी वाजवली. मागच्या बाईला वाटलं, हा माणूस हरणाऱ्या टीमला धीर देतोय. तिनंही टाळ्या धरल्या. मग तिच्या नवऱ्यानं, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि पाहता पाहता आमचा सगळा कोपरा त्यांच्या तालावर टाळ्या वाजवू लागला. बाळाला भोवती हलणारे एवढे हात दिसले आणि ते हसायला लागलं.

त्या दिवशी मंगलकाकूंनी केलं ते क्रूर होतं. घरी, दार लावून, हळू आवाजात सांगता आलं असतं. परतताना गाडीत काकांनी त्यांना तेच विचारलं. मी मागे बसले होते. "घरी का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या, "घरी तुम्ही ऐकलं नसतं."

डॉक्टरांनी काकूंचंच म्हणणं खरं ठरवलं. दोन्ही कान, जन्मापासून. कुठल्याही माणसाला याचं दुःख होईल आणि काकांनाही झालं असेल. पण ते दुःख त्यांनी सरळ सोसलं नाही, दुसऱ्यांच्या अंगावर टाकलं. संक्रांतीला त्यांच्याकडे सगळे जमले होते. काकूंनी तिळगूळ केला होता. गोड बोलायचा दिवस, आणि साखरेकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "याच्या कानात पहिला शब्द कुणी घातला? या नागपूरनं. हिचं ते कुर्र ऐकून पोरानं कान कायमचे मिटून घेतले." लोक हसले. त्यांच्या विनोदांना हसायची लोकांना सवयच झाली होती. मी तिळगूळ तोंडात तसाच धरून बसले. त्या बाळाच्या कानाशी मी किती प्रेमानं वाकले होते ते मला आठवलं, आणि ते कुर्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं हेही. ते वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. हे लिहायला बसले म्हणून करणारही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी काकूंना गाडी शिकवली. त्याच पार्किंग लॉटमध्ये, टाळी न वाजवता. त्या छान शिकल्या. निनादला घेऊन त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागल्या आणि खुणांची भाषा शिकल्या. इंग्रजी बोलायला घाबरणारी ही बाई हातांनी मात्र घडाघडा बोलायची. काका एकही खूण शिकले नाहीत. "देवानं जीभ दिली असताना हातवारे माकडानं करावेत," असं म्हणायचे. आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी पोराच्या मागे जाऊन एकदा टाळी वाजवायचे. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, अजून? त्या म्हणाल्या, अजून. वाजवतात, थांबतात, बघतात, आणि जातात. आमच्या कानाशी टाळ्या वाजवणं मात्र त्यांनी सोडलं होतं. नव्यानं आलेली मुलं त्यांना एक तुसडा म्हातारा म्हणून ओळखायची. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

मला न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरकडे नोकरी लागली. निरोप घ्यायला मी साखऱ्यांकडे गेले. निनाद पाच वर्षांचा झाला होता, गोरा, धीट, गालिच्यावर गाड्या मांडून बसलेला. काकूंनी चहा दिला आणि त्या माझ्यासाठी चिवडा बांधायला आत गेल्या. काका त्यांच्या खुर्चीत कपबशी घेऊन बसले होते. निनादनं मध्येच वडलांकडे बोट दाखवून मला काहीतरी सांगितलं. मला काकूंमुळे थोड्या खुणा येत होत्या. बाबा माझ्या गाडीवर पाय देतील, असं काहीसं तो सांगत होता. त्यात 'बाबा' म्हणताना त्यानं केलेली खूण काकांनी नेमकी पाहिली नाही. ते खिडकीकडे बघत होते. वळले तेव्हा त्यांना पोराचं आपल्याकडे रोखलेलं बोट तेवढं दिसलं.

"काय म्हणाला गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, आत ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाले, "हा मला काय म्हणतो? म्हणजे बाबा कसं म्हणतो? हिला विचारलं तर ही सांगत नाही."

काकूंनी मला ते आधीच सांगितलं होतं. शाळेत बापाची खूण वेगळी शिकवतात, पंजा पसरून अंगठा कपाळाला लावायचा. निनाद शाळेत ती करायचा. पण घरी त्याची स्वतःची एक होती. रोज सकाळी हा माणूस मागून येतो, मानेला वारा लागतो, वळून बघितलं की कानापाशी दोन हात मिटलेले दिसतात. पोरानं त्यावरूनच नाव ठेवलं होतं.

मला नुसतं तोंडानं सांगता आलं असतं. मी उठले, त्यांच्या खुर्चीच्या मागे गेले, वाकले आणि त्यांच्या कानाशी टाळी वाजवली.

काका दचकले. चांगले उडाले. कप बशीवरून घसरला आणि चहा त्यांच्या पँटवर सांडला. निनादनं ते बघितलं आणि स्वतःचा आवाज कधीच न ऐकलेल्या मुलाचं ते भसाडं, मोठं हसू हसला. मग त्यानं वडलांकडे बोट केलं, स्वतःच्या कानाशी एक बिनआवाजाची टाळी वाजवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी बरोबर म्हणाले होते.

काका त्याच्याकडे बघत राहिले. हात कानापर्यंत नेऊन तिथंच थांबले. आतून काकूंनी विचारलं, काय सांडलं?

"पुसून घ्या ते," मी काकांना म्हटलं.